इनामदारकाकूंचा बुधवार

इनामदारकाकू जेवायला बसल्या की आधी ताट वीतभर लांब सरकवायच्या आणि त्याच्याकडे संशयाने बघायच्या. मग चमच्याचं टोक एकेका भाजीला लावून जिभेवर ठेवायच्या, डोळे मिटून घ्यायच्या आणि निकाल द्यायच्या. "भेंडी बरी आहे, पण तेल कालचं." "रताळ्यात एवढी साखर? रताळं काय कडू असतं का गं?" "कोबी चांगला होता बिचारा. शिजवून शिजवून मारला." हे सगळं खणखणीत मराठीत, नॉर्थ कॅरोलायनातल्या मॉरिसव्हिलच्या एका हॉटेलात, आजूबाजूला टोप्या घातलेले प्लंबर आणि पांढऱ्या केसांची जोडपी जेवत असताना. निकाल देऊन झाला की ताट जवळ ओढायच्या आणि शेवटच्या शितापर्यंत साफ करायच्या. नावं ठेवल्याशिवाय त्यांना घास उतरत नसे.

तो त्यांचा हक्कच होता म्हणा. कराडला त्यांनी सव्वीस वर्षं खानावळ चालवली होती. इंजिनिअरिंगची पोरं, बदलीवर आलेले बँकवाले, दोन-चार एसटीचे कंडक्टर. सकाळ-संध्याकाळ पंगती उठायच्या. "लोकांना वाटायचं, हिला काय जेवायचा तोटा," काकू सांगायच्या. "अगं, सव्वीस वर्षांत मला एकदा कुणी वाढलं नाही. सगळी जेवून गेली की कढईला लागलेलं खरवडायचं आणि उभ्याउभ्याच खायचं. पाट मांडून बसायला कंबर तरी वाकायला हवी ना!"

त्या माझ्या शेजारच्या नव्हेत, शेजारच्याच्या शेजारच्या. आमच्या टाउनहाउसच्या रांगेत एक घर सोडून त्यांचा मुलगा अभय राहायचा. मी मूळची नागपूरची, इथल्या एका औषध कंपनीत कागदपत्रं तपासते. माझं लग्न मोडून तेव्हा दोन वर्षं झाली होती. त्याबद्दल एवढं पुरे. काकूंची आणि माझी ओळख पत्रपेट्यांपाशी झाली. आमच्या कॉलनीत सगळ्यांच्या पेट्या एकाच ठिकाणी ओळीने आहेत. काकू रोज चार वाजता तिथे उभ्या असायच्या. आधी मला वाटलं, भारतातून काही यायचं असेल. मग कळलं, त्यांना पत्र कुणी पाठवत नाही. तिथे माणसं येतात, म्हणून त्या उभ्या राहायच्या.

घर भरलेलं होतं तरी. अभय, त्याची बायको रुचा, शाळेत शिकणारी रिया. पण त्या घरात जेवण असं नव्हतंच. रविवारी सकाळी रुचा तीन तास ओट्यापाशी उभी राहून आठवडाभराचं करून ठेवायची. काचेच्या डब्यांवर चिठ्ठ्या. ज्याला जेव्हा भूक लागेल तेव्हा त्याने आपला डबा गरम करायचा. अभय मीटिंगचा कॅमेरा बंद करून खायचा, रुचा ऑफिसच्या गाडीतळावर, रिया वर आपल्या खोलीत. काकूंच्या डब्यांवर 'आई' लिहिलेलं असायचं. त्यांच्यासाठी तिखट कमी, दातांना सोसेल असं मऊ. रुचा खरोखरच गुणी. "सून वाईट असती तर बरं झालं असतं," काकू एकदा म्हणाल्या, "निदान बोलता तरी आलं असतं. एवढं राबते ती, तिला काय सांगू, गवारीत गूळ घाल म्हणून? मी आपली म्हणते, छान झालंय. भाजी छान, आमटी छान. दिवसातून चार वेळा छान छान म्हणून माझी जीभ बोथट झालीय गं."

हॉटेल सापडलं ते योगायोगाने. माझ्या गाडीचं टायर बदलायचं होतं, काकू म्हणाल्या मीही येते, तेवढंच बाहेर पडणं. टायरवाल्याने दोन तास सांगितले. शेजारी एक बुटकी विटांची इमारत होती, बाहेर वीस-पंचवीस गाड्या, आणि दाराबाहेर येणारा तळणीचा वास. काकू वासावर चालत गेल्या, मी त्यांच्या मागे.

आत फळ्यावर खडूने लिहिलेलं. इकडच्या दक्षिणेतली घरगुती पद्धत अशी की एक मांसाचा प्रकार आणि तीन भाज्या. आणि ज्याला मांस नको त्याला 'व्हेजिटेबल प्लेट', म्हणजे कुठल्याही चार भाज्या आणि मक्याचा पाव. मी मोठ्या ऐटीत म्हटलं, "काकू, तुमचं काम झालं. नावातच व्हेजिटेबल आहे." मग मी भाज्यांची यादी वाचून दाखवली. वाचता वाचता त्यात मॅकरोनी-चीज आलं.

"मॅकरोनी ही भाजी?"

"इथे भाजीतच धरतात."

"कमाल आहे बाई. उद्या श्रीखंडाला कोशिंबीर म्हणतील." आणि तरीही त्यांनी ती घेतली, कारण बघायचं होतं.

वाढायला आली ती डार्लीन. साठीची, उंच, गुडघ्याला पट्टा बांधलेली. तिने ताट काकूंच्या पुढ्यात ठेवलं, पाण्याचा पेला भरला, आणि गेली नाही. वाकून विचारलं, "यू नीड एनिथिंग एल्स, हनी?"

"काय म्हणते?"

"अजून काही हवं का, विचारतेय."

काकू तिच्याकडे बघतच राहिल्या. मग मान हलवून जेवायला लागल्या. थोड्या वेळाने डार्लीन पुन्हा आली. काकूंच्या ताटातला हिरवा पाला संपलेला तिने बघितला होता. न विचारता तिने एका वाटीत आणखी आणून ठेवला. काकूंचा हात 'बास बास' म्हणायला वर गेला आणि अर्ध्यातून खाली आला. त्या दिवशी त्यांनी नावं जरा हळू आवाजात ठेवली.

गाडीत बसल्यावर त्यांनी पट्टा लावला. मग म्हणाल्या, "बुधवारी तुला सुट्टी असते का गं?"

"सुट्टी नाही काकू, घरून काम असतं."

"तेच ते," त्या म्हणाल्या.

अशी दोन वर्षं आम्ही दर बुधवारी साडेअकराला तिथे गेलो. मी कॅलेंडरवर 'डॉक्टर' असं लिहून ठेवायचे. माझ्या मॅनेजरला वाटत असणार, हिला काहीतरी दुर्धर झालंय. वसंतात पाइनच्या झाडांचे पिवळे परागकण गाड्यांवर हळदीसारखे बसायचे, काकू बोटाने माझ्या काचेवर 'धू' असं लिहायच्या. घरात निमूट असणारी बाई माझ्या गाडीत बसली की तिच्या तोंडाचा पट्टा सुरू. सिग्नलला, समोरच्या ड्रायव्हरला, मी नेसत नाही त्या साड्यांना, सगळ्यांना नावं. मला ते आवडायचं. आठवड्यात माझ्याशी तेवढं कुणी बोलतही नव्हतं.

बसायची जागा ठरलेली, स्वयंपाकघराच्या झुलत्या दाराशेजारी. लोक ती जागा टाळायचे, कारण आतला गलका आणि वाफ. काकूंना तीच हवी असायची. त्या कान देऊन बसायच्या आणि मला आतली बातमी सांगायच्या. "ताटं कमी पडलीत आत, ऐक कशी घाईने विसळतायत." "आज आचारीण चिडलीय. झारा आपटलान बघ." इंग्रजीचा एक शब्द न कळता त्यांना त्या स्वयंपाकघराचं सगळं कळायचं.

एकदा तर हद्द झाली. कुठल्या तरी शेजारच्या बांधकामावरची तीसेक माणसं एकदम आली, आणि नेमकी वाढायला डार्लीन एकटी. ती बिचारी लंगडत धावतेय, टेबलांवर उष्टी ताटं तशीच, दारात रांग. काकू दोन मिनिटं बघत राहिल्या. मग पदर खोचून उठल्या. "काकू, इथे असं चालत नाही," मी म्हणेपर्यंत त्यांनी शेजारचं टेबल आवरायला घेतलंही होतं. सहा ताटं एका हातावर कोपरापर्यंत रचलेली, दुसऱ्या हातात पेले, आणि कमरेने दार ढकलून सत्तरीची नऊवारी बाई आत. सगळं हॉटेल घास थांबवून बघत होतं. मला वाटलं आता काहीतरी नियम निघणार, कुणीतरी आम्हाला बाहेर काढणार. डार्लीनने वळून पाहिलं, आणि दुसऱ्या टेबलाकडे बोट करून काकूंना म्हणाली, "दॅट वन नेक्स्ट, मिस इनाम!" काकूंना बरोबर कळलं. त्यांनी चार टेबलं साफ केली, मग हात धुऊन येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "माझं ताट गार झालं. तिला सांग." डार्लीनने नवं गरम ताट आणलं, वर केळ्याचं पुडिंग. काकूंनी पुडिंगलाही नावं ठेवली. पण त्या दिवशी परतताना त्या गाडीत चक्क गुणगुणत होत्या.

आता त्या हिरव्या पाल्याचं सांगायला हवं. त्याला इकडे कॉलर्ड म्हणतात. कोबीच्याच कुळातली, पण हत्तीच्या कानाएवढी जाड पानं. तास-तास शिजवून ती मऊ करतात. त्या हॉटेलात काकूंनी ज्याला कधीही नाव ठेवलं नाही असा हा एकच पदार्थ. मक्याचा पाव त्यात कुस्करून, खाली उरलेला रस्सा ओरपून खायच्या. "ही बाई आत कोण आहे तिच्या हाताला चव आहे," त्या म्हणायच्या. "फोडणी कसली घालते कळत नाही. धुरकट लागतं. चुलीवरचं लागतं तसं." घरी त्यांनी करून पाहिलं. आधी लसणाचं, मग सुक्या मिरचीचं, मग कोळसा पेटवून धूर दिला तेव्हा घरातली धोक्याची घंटा वाजली आणि रिया "आज्जी, व्हॉट आर यू डूइंग!" म्हणत धावत खाली आली. तरी जमेना.

मग एका बुधवारी त्या म्हणाल्या, "विचार गं तिला. सांगत असेल तर सांगेल. मी काही इथे खानावळ काढत नाही म्हणावं."

मी विचारलं. डार्लीन एकदम खूश झाली. टेबलावर हात टेकून म्हणाली, "ते तर सगळं ऑड्रीचं हॅम हॉकचं काम, हनी. तीन तास त्याच्याबरोबर उकळायचं. बीन्समध्येही तेच, कोबीतही थोडं."

हॅम हॉक म्हणजे डुकराच्या पायाचा घोटा, धुरी दिलेला.

काकू माझ्याकडे हसत बघत होत्या. मक्याच्या पावाचा तुकडा हातात तसाच. "काय म्हणाली?"

इथे माझी चूक झाली. खरं तर चूक दोन वर्षांपूर्वीच झाली होती, 'नावातच व्हेजिटेबल आहे' म्हणाले तेव्हा. ज्या गावात मॅकरोनी भाजी असते, तिथे भाजीत काय असेल याची खात्री मी करायला नको होती? पण मी कागदपत्रं तपासणारी बाई, फळ्यावर लिहिलंय म्हणजे खरंच असणार. काकूंच्या घरात सात पिढ्या मटण-मासळी आलेली नव्हती. मी म्हटलं, "मंद आचेवर तीन तास ठेवायचं म्हणते."

"तीन तास!" काकू म्हणाल्या. "तरीच." आणि तो तुकडा त्यांनी रश्श्यात बुडवला. मी बघत बसले.

पुढचे तीन बुधवार मी काही ना काही कारण काढून गेले नाही. तेवढ्या दिवसांत काकूंनी घरी तीन-तीन तास मंद आचेवर पाला शिजवला. चार वेळा. एकदा डबा घेऊन माझ्याकडे आल्या. "खाऊन बघ. नुसती बेचव. काय चुकतंय?" आणि मग ओट्याला टेकून म्हणाल्या, "माझ्या हाताची चव गेली गं. करायचं सुटलं की जातेच. आता त्या घरात मी फक्त डबे उघडायच्या कामाची." त्यांचे डोळे भरून आले होते. सव्वीस वर्षं उभ्याउभ्या जेवल्याचं हसून सांगणारी बाई माझ्या स्वयंपाकघरात एका पाल्यापायी रडत होती, आणि कारण मी होते.

मग मी सांगितलं. सगळं. घोटा, बीन्स, कोबी, आणि मी खोटं बोलले तेही.

त्या खुर्चीवर बसल्या. मग हळू आवाजात एक गोष्ट सांगितली. खानावळीत एक जैन मुलगा यायचा, हुशार, लाजरा. त्याचं वरण त्या वेगळं काढायच्या, कांदा-लसणाशिवाय. एकदा पळी चुकली. तो जेवून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. "कुणाला कळलं नसतं. त्यालाही नाही. माझे मिस्टर म्हणाले, गप्प बस. पण मी संध्याकाळी त्याच्या खोलीवर गेले आणि सांगितलं. त्यानं हात जोडले, म्हणाला, काकू, तुम्ही सांगितलंत हे बरं केलंत. आणि पुन्हा आला नाही. मला वाईट वाटलं, पण मी सांगितलं. खाणाऱ्याला आपण काय खातोय ते कळायला हवं. तेवढा एकच धर्म आमच्या धंद्यात." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "त्या बाईनं काही लपवलं नाही. आपण विचारलं नाही. तू मात्र मला महिनाभर खोटं खायला घातलंस."

डबा तिथेच ठेवून त्या गेल्या.

पुढे दीड महिना त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. पत्रपेट्यांपाशीही दिसेनात. अभयने फोनवर सांगितलं, आई बरी आहे, फक्त जरा शांत झालीय, जेवते नीट, काही तक्रार नाही. मला त्या 'तक्रार नाही'चा अर्थ कळत होता. एका बुधवारी मी एकटीच त्या हॉटेलात गेले. डार्लीनने विचारलं, "मिस इनाम कुठेय? आजारी आहे का?" मी तिला खरं सांगितलं. तिने तोंडावर हात ठेवला, आत गेली, आणि दार झुलवत आचारीण बाहेर आली. ऑड्री. दोन वर्षांत पहिल्यांदाच मी तिला पाहिलं. काळी, ठेंगणी, साधारण काकूंच्याच वयाची, हातांवर भाजल्याचे जुने डाग. तिने माझं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "कुणी मला विचारलं नाही."

"चूक आमची आहे," मी म्हटलं.

"तिला बुधवारी घेऊन ये," ती म्हणाली आणि आत गेली.

मी हा निरोप काकूंच्या दारात उभं राहून सांगितला. त्यांनी ऐकला. मंगळवारी संध्याकाळी त्यांचा फोन आला. "उद्या किती वाजता निघायचं?" जणू मधे काही झालंच नव्हतं. गाडीत बसल्यावर मी विचारलं, "काकू, प्रायश्चित्त वगैरे काही...?" तर म्हणाल्या, "देवापुढे दिवा लावला, सगळं सांगितलं. तो काही बोलला नाही. त्याला बहुतेक आधीच माहीत होतं."

ऑड्रीने त्यांच्यासाठी वेगळं लहान पातेलं चढवलं होतं. नुसता पाला, तेल, मीठ, थोडं व्हिनेगर. बीन्सचंही वेगळं. भेंडी वेगळ्या कढईत. डार्लीनने ताट ठेवलं आणि प्रत्येक भाजीवर बोट ठेवून सांगितलं, "नो मीट. नो मीट. नो मीट." काकूंनी ताट लांब सरकवलं, चमचा पाल्याला लावला, डोळे मिटले. आणि काही न बोलता जेवायला लागल्या. सगळं संपवलं. डार्लीनला अंगठा दाखवला.

गाडीत दार लावल्याबरोबर म्हणाल्या, "पाणचट."

"अहो, मग तिथे का नाही सांगितलंत?"

"वेडी आहेस? गर्दीच्या वेळी एका माणसासाठी शेगडी अडवते ती. मी त्या जैन मुलाचं वरण वेगळं काढायचे ना, तर घरचे मला वेड्यात काढायचे. एका ताटासाठी वेगळं पातेलं कोण चढवतं? कुणी माझ्यासाठी चढवलं होतं का कधी?" आणि खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "अळणी म्हणजे किती अळणी असावं पण!"

असे आठ महिने त्या दर बुधवारी ती पाणचट भाजी चवीने खात राहिल्या आणि घरी जाईपर्यंत मला ऐकवत राहिल्या. त्यांचा चेहरा तेव्हा भरलेला दिसायचा. मला वाटतं, ते आठ महिने त्या सुखात होत्या.

मग अभयने फ्रिस्कोची नोकरी घेतली. टेक्सासमध्ये, पगार जास्त, घर दुप्पट. तो मला मोठ्या उत्साहाने सांगत होता, "तिकडे किती मराठी लोक आहेत माहितीये? पोळीभाजीचे घरपोच डबे मिळतात, देऊळ दहा मिनिटांवर. आई इथे एकटी पडते यार. तिकडे तिला कंपनी मिळेल." त्याचं काही चुकत नव्हतं. आपल्या आईला इथे एक टेबल आहे, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

"तुम्ही काय म्हणालात?" मी काकूंना विचारलं.

"छान म्हणाले." मग थोड्या वेळाने, "माझ्या बुधवारचं काय, असं विचारणार होते. पण हसली असती गं सगळी. हॉटेलसाठी कुणी गाव धरून बसतं का?"

माझ्याकडे राहा, असं माझ्या जिभेवर आलं होतं. घरात एक रिकामी खोली आहे. पण त्यांचा मुलगा, त्यांची सून, मी कोण, लोक काय म्हणतील, आणि मलाही एकटीची सवय झालेली. मी म्हटलं नाही. ते न म्हटलेलं वाक्य अजून माझ्याजवळ आहे.

शेवटच्या बुधवारी ताट संपवून काकू उठल्या आणि थेट झुलत्या दारातून आत शिरल्या. मी मागे धावले. ऑड्री मोठ्या पातेल्यापाशी उभी होती. काकू तिच्यासमोर उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "सांग तिला. जसंच्या तसं सांग, गोड करू नकोस. भाजी अळणी असते. पहिल्या दिवसापासून."

मी सांगितलं. ऑड्रीने झारा खाली ठेवला. "आठ महिने? आणि ती सगळं संपवते?"

"म्हणावं, टाकायची सवय नाही. पण मीठ आधी घालतेस ते उकळून पाण्यात जातं. आणि कांदा का नाही घालत? चांगला काळपट होईस्तोवर परतायचा."

"कांद्याने गोड होतं," ऑड्री म्हणाली.

"जाळलास तर नाही होत!"

"मी पंचेचाळीस वर्षं कॉलर्ड करतेय, तिला सांग."

"मग पंचेचाळीस वर्षं चुकतेय, तिला सांग!"

डार्लीन दारात उभी राहून पोट धरून हसत होती. मी मधे उभी राहून भाषांतर करत होते, आणि पाचेक मिनिटांनी त्यांना माझी गरजच उरली नाही. एक मराठीत, एक इंग्रजीत, दोघी एका पातेल्याकडे हात करून भांडत होत्या. ऑड्रीने कांदा चिरायला घेतला, काकूंनी तिच्या हातातली सुरी काढून घेतली, बारीक नको, उभा हवा म्हणून. काकू एवढ्या मोठ्या आवाजात बोललेल्या मी कधी ऐकल्या नव्हत्या. कराडचं स्वयंपाकघर कसं असेल ते मला त्या दिवशी दिसलं. निघताना ऑड्रीने विचारलं, "पुढच्या बुधवारी येतेस ना? कांदा घालून करते." मी काकूंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, भाषांतर करू नको म्हणून, आणि ऑड्रीचे दोन्ही हात आपल्या हातांत धरून नुसत्या उभ्या राहिल्या. खरं काय ते मी सोमवारी जाऊन सांगितलं. ऑड्री नुसतं 'बरं' म्हणाली आणि कामाला लागली.

वर्षभराने कंपनीच्या कामासाठी मी डॅलसला गेले, तेव्हा एक रविवार काढून फ्रिस्कोला जाऊन आले. प्रशस्त घर, उंच छत, काकूंना खाली स्वतःची खोली. अभयने प्रेमाने स्वागत केलं. रुचाने त्या दिवशी मुद्दाम सगळ्यांना एकत्र बसवलं, घरपोच येणारे डबे ताटांत वाढले. पोळ्या कातड्यासारख्या झाल्या होत्या. वांग्याच्या भाजीत तेलाचं तळं. आमटीत डाळ शोधावी लागत होती. मी घास घेतला आणि काकूंकडे बघितलं. खरं सांगते, त्याच क्षणासाठी मी इतक्या लांब गेले होते.

त्यांनी ताट सरकवलं नाही. आहे तिथेच ठेवून जेवायला सुरुवात केली.

"काकू, आमटी?" मी विचारलं.

"छान आहे की."

"वांगं?"

"छान आहे."

जेवणं झाल्यावर रुचा आवराआवर करत होती, अभयला फोन आला, मी काकूंबरोबर त्यांच्या खोलीत जाऊन बसले. आता बोलतील, असं वाटलं. दार लावलं, जवळ सरकले आणि हळूच म्हटलं, "काकू, आता कुणी नाही. पोळी चावत नव्हती ना?"

त्या माझ्याकडे बघून हसल्या, अगदी प्रेमाने, कुणा पाहुण्याकडे बघून हसावं तसं. "नाही गं. सगळं छान असतं इथे." मग माझी चौकशी केली. नोकरी बरी आहे ना, तब्येत बरी आहे ना. मी ऑड्रीचं, डार्लीनचं सांगितलं. डार्लीनच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, कांदा घालून केलेला कॉलर्ड आता फळ्यावर वेगळा लिहितात. "हो का," त्या म्हणाल्या, "छान." मी मुद्दाम माझ्या ड्रेसवरचा चहाचा डाग दाखवला, केस किती वाईट कापून घेतलेत ते दाखवलं. एक टोमणा, एकच, एवढंच मला हवं होतं. त्यांनी माझ्या केसांवरून हात फिरवला.

अभय मला विमानतळावर सोडायला निघाला. गाडी मागे घेताना दिसलं, काकू दारापर्यंत आल्या होत्या. नऊवारी सोडून त्यांनी गाऊन घातला होता, पायांत रुचाच्या सपाता. मी काच खाली केली.

"छान झालं, आलीस," त्या म्हणाल्या.